पेन प्लॉटरचा रेडियम कटर करायचाय? आधी पेनाचा दाब मोजा

भाऊ, वाळूजच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारात तुम्हाला एचपीचा 7475ए हा पेन प्लॉटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेनाने रेघा काढणारं मशीन, मिळाला. मशीन चालू आहे, फक्त पेनं वाळून गेलीत. सेलूत रेडियमचं छोटं दुकान टाकायचं तुमच्या मनात आहे, आणि पेनाच्या जागी ब्लेड बसवून काम भागेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्वतःचं दुकान टाकण्याआधी जालन्यातल्या एका ड्रॉइंग ऑफिसात मी हीच मशीनं सांभाळायचो. पुढं त्यातल्या दोन मशीनांचे कटर केले. एक नीट चालला, एक मी बिघडवला. दोन्ही मशीनांवरून जे कळलं ते सविस्तर सांगतो.

ब्लेड बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अडचण दुसरीकडंच आहे. पेनाला कागदावर नुसतं टेकायचं असतं, शाई आपोआप उतरते. ब्लेडला व्हिनाईलच्या आत शिरून ते चिरत पुढं जायचं असतं. साधं साईन व्हिनाईल कापायला साधारण 70 ते 100 ग्रॅम दाब लागतो. माझ्या 7475ए चा पेनाचा दाब मी मोजला तेव्हा 20 ग्रॅमच्या आत भरला. म्हणून ‘ब्लेड बसेल का’ हे नंतर बघा. ‘हा दाब चार-पाच पट करता येईल का, आणि वाढवलेल्या दाबाने ब्लेड ओढताना मशीन पाऊल चुकणार नाही ना, म्हणजे ठरल्या जागेपासून मागं पडणार नाही ना’, हे आधी तपासायला हवं. त्याचं उत्तर तुमच्या हातातलं मशीन कसं आहे, काय कापायचंय आणि दिवसाला किती कापायचंय यावर ठरेल.

काय कापायचंय, तिथून सुरू करतो. आपल्याकडं चिकटवायच्या प्रत्येक रंगीत पट्टीला रेडियमच म्हणतात, पण दुकानात माल दोन जातींचा असतो. एक साधं व्हिनाईल, जाडी 75 ते 100 मायक्रॉन, मऊ. दुसरं खरोखर चमकणारं, रिफ्लेक्टिव्ह. त्यात परावर्तक थर असल्यामुळं ते जाड आणि चिवट असतं, त्याला 60 अंशाचं ब्लेड आणि बराच जास्त दाब लागतो. हे दुसरं पेन प्लॉटरवर कापायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही उसाच्या ट्रॉल्यांचं काम मिळेल असं लिहिलंय. ट्रॉलीच्या मागं आणि बाजूला लावायची परावर्तक पट्टी एआयएस-090 मानकाची तयार रोलमध्येच मिळते, ती कात्रीने लांबीला कापून लावायची असते. तिला कटर लागतच नाही. नंबर प्लेटचं म्हणाल, तर 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना कंपनीकडूनच एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसून येते, त्यामुळं त्या कामावर दुकानाचं गणित मांडू नका. उरतं ते काचेवरचं नाव, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरचं ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’, मंडळाची पाटी, शाळेच्या कपाटांवरचे आकडे. हे सगळं साध्या व्हिनाईलचं काम आहे आणि ते या मशीनवर होतं. कागदाची मर्यादा मात्र ए-3 ची. मोठं नाव तुकड्यात कापून जोडावं लागेल.

आता दाब कसा मोजायचा ते सांगतो. यासाठी मशीन उघडायची गरज नाही. पेन बसवा, मशीनला पेन खाली करायला लावा. पेनाच्या टोकाखाली कागदाची अरुंद पट्टी सरकवा. पेनाच्या कॉलरला बारीक दोरा बांधा, तो सरळ वर नेऊन एखाद्या मोकळ्या फिरणाऱ्या बेअरिंगवरून पलीकडं सोडा आणि टोकाला प्लास्टिकची छोटी पिशवी अडकवा. पिशवीत एकेक नाणं टाकत जा आणि दुसऱ्या हाताने कागदाची पट्टी हलकेच ओढत राहा. ज्या नाण्याला पट्टी सुटून हातात येते, तिथं थांबा. आता नाण्यांसकट पिशवी सोनाराच्या डिजिटल काट्यावर ठेवा. तो आकडा म्हणजे तुमच्या पेनाचा दाब. तीनदा मोजा, डावीकडं, मधे आणि उजवीकडं. तीन ठिकाणी फार फरक आला तर पेन उचलणारी पट्टी किंवा आर्म वाकलेला आहे. तो आधी सरळ करा, नाहीतर एका बाजूला नाव कापलं जाईल आणि दुसऱ्या बाजूला नुसता ओरखडा उमटेल.

दाब वाढवण्याआधी पेन उचलायची रचना नीट बघा. एका जातीत स्प्रिंग पेन खाली दाबते आणि कॉइल (वीज दिली की खेचणारं तारेचं वेटोळं) वर उचलते. दुसऱ्या जातीत उलटं, स्प्रिंग वर धरते आणि कॉइल खाली दाबते. वीज बंद असताना पेन खाली पडलेलं दिसलं तर पहिली जात, वर असेल तर बहुधा दुसरी. पहिल्या जातीत जाड स्प्रिंग टाकली की दाब वाढतो, पण आता त्याच कॉइलला तेवढं ओझं वर उचलावं लागतं. माझं पहिलं मशीन इथंच गेलं. स्प्रिंग मिळाली नाही म्हणून मी पेनाच्या डोक्यावर शिशाचं वजन चिकटवलं. पहिली चार-पाच नावं सुंदर निघाली आणि मला वाटलं जमलं. मग ब्लेड अर्धवट उचलून एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर ओरखडे मारत जायला लागलं. मी तसंच रेटलं. तासाभराने वार्निश जळाल्याचा वास आला, कॉइल गेली होती. वजनाचा दुसरा तोटाही तेव्हाच कळला. वेगात जाताना वजन उड्या मारतं, त्यामुळं वळणावर काप तुटक येतो. स्प्रिंग उडत नाही. म्हणून दाब नेहमी स्प्रिंगनेच वाढवा.

दुसऱ्या मशीनवर मी मूळ कॉइलला हातच लावला नाही. तिच्या दोन तारांवर येणारा पेन वर-खालीचा इशारा फक्त वाचला आणि त्यावरून ट्रान्झिस्टर चालवून वेगळा छोटा सोलेनॉइड (वीज दिली की दांडी खेचणारी कॉइल) बसवला, त्याला स्वतःचा 12 व्होल्टचा पुरवठा दिला. सोलेनॉइडच्या टोकांना डायोड उलटा जोडायला विसरू नका, नाहीतर बंद होताना येणारा झटका ट्रान्झिस्टर घेऊन जातो. तुमच्या गावात टीव्ही दुरुस्त करणारा चांगला मेकॅनिक असेल तर हे त्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. फायदा असा की काही बिनसलं तर दोन तारा काढल्या की मशीन मूळ स्थितीत येतं. जुन्या मशीनचा मूळ बोर्ड एकदा गेला की दुसरा मिळत नाही, हे कायम लक्षात असू द्या.

दाब 80 ग्रॅमपर्यंत पोचला की मोटारींवर लक्ष ठेवा. ब्लेड ओढायला पेनापेक्षा जास्त जोर लागतो. स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी मोटार असेल आणि ती पाऊल चुकली तर मशीन तुम्हाला काही सांगत नाही, चौकोनाचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला भेटत नाही एवढंच दिसतं. एन्कोडरची सर्व्हो, म्हणजे स्वतःची जागा मोजत फिरणारी मोटार असेल तर मशीन बहुधा एरर दाखवून थांबतं. दोन्हीवर पहिला उपाय एकच, वेग कमी करा. प्लॉटरला हुकूम द्यायच्या भाषेत, एचपी-जीएलमध्ये, वेगाचा आदेश व्हीएस, त्यापुढं सेंटिमीटर दर सेकंद. 7475ए पेनाने 38 पर्यंत पळतो. ब्लेडसाठी मी 3 वर ठेवतो, गर्दीचं नाव असेल तर 2.

आता होल्डर, म्हणजे ब्लेड धरणारा तुकडा. बाजारातला रोलँड पद्धतीचा पितळी होल्डर इथं जड पडतो, आणि तो पेनाच्या जागेत बसतही नाही. मी जुनं पेन व्हर्निअरने मोजलं, कॉलरसकट त्याचं माप कागदावर काढलं आणि एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून डेलरिन या कडक प्लास्टिकच्या दांडीतून तसाच तुकडा करून घेतला. आत 682 नंबरचं बेअरिंग बसवलं. त्याचं भोक 2 मिमी आणि बाहेरचा व्यास 5 मिमी, रोलँड जातीच्या ब्लेडचा दांडा 2 मिमीचाच असतो. ब्लेडच्या वरच्या टोकाला छोटं चुंबक, म्हणजे ब्लेड खाली पडत नाही आणि मोकळं फिरतं. हे मोकळं फिरणं फार महत्त्वाचं आहे. होल्डर हातात धरून ब्लेडच्या टोकाला कागदाच्या कडेने स्पर्श करा. ते लगेच वळलं पाहिजे, जराही अडकलं तर कोपरे फाटतील. आणखी एक, 7475ए मध्ये सहा पेनांचं फिरतं घर असतं आणि पेन वाळू नये म्हणून प्रत्येक घराला रबरी टोपी असते. मशीन होल्डर परत ठेवायला गेलं की ब्लेडचं टोक त्या रबरात रुततं. त्या एका घराची टोपी काढून टाका.

ब्लेड 45 अंशाचं घ्या आणि कमीत कमी बाहेर काढा. किती, हे मशीनवर ठरवू नका, हाताने ठरवा. होल्डर पेन्सिलीसारखा धरून व्हिनाईलच्या तुकड्यावर रुपयाएवढा चौकोन ओढा आणि सुईने सोलून काढा. व्हिनाईल सहज निघालं पाहिजे. मग बॅकिंगचा, म्हणजे व्हिनाईलच्या मागचा कागद उलटा करून उजेडात धरा. मागून अगदी फिकट रेघ दिसली तर बरोबर, रेघ हाताला लागली तर ब्लेड जास्त बाहेर आहे. बॅकिंग कापला गेला की नाव ट्रान्सफर टेपवर (उचलून गाडीवर लावायच्या चिकट टेपवर) घेताना कागदाचे तुकडे सोबत येतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

यानंतरची गोष्ट पेनात नसते आणि ब्लेडमध्ये असते. पेनाचं टोक होल्डरच्या मध्यावर असतं. ब्लेडचं टोक मध्यापासून थोडं मागं असतं, म्हणून तर ते ओढलं की दिशेनुसार वळतं. हे अंतर बहुतेक ब्लेडांना 0.25 मिमी असतं. प्लॉटरचं एक युनिट 0.025 मिमी, म्हणजे 10 युनिट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण याची भरपाई केली नाही तर प्रत्येक कोपरा गोल होतो आणि गोलाची सुरुवात व शेवट जुळत नाहीत. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमधून प्लॉटरची पीएलटी फाईल काढली तर ही भरपाई होत नाही. मी इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट आहे. त्यातल्या प्लॉटच्या सोयीत टूल ऑफसेट, ओव्हरकट आणि प्रीकट अशा जागा आहेत. ऑफसेट 0.25 ठेवा. ओव्हरकट म्हणजे शेवट सुरुवातीच्या थोडा पुढं नेणं, म्हणजे तुकडा अडकून राहत नाही. प्रीकटमध्ये ब्लेड आधी एक छोटी रेघ मारून योग्य दिशेला तोंड करून घेतं. ती रेघ नावाबाहेर कोऱ्या जागेवर पडू द्या.

इंग्रजी अक्षरं कापणाऱ्याला न येणारी एक अडचण आपल्याला येते, ती शिरोरेषेची. आपले बरेच जुने मराठी फॉन्ट अक्षराचे तुकडे जोडून शब्द तयार करतात. स्क्रीनवर ‘श्रीराम’ अखंड दिसतं, छापूनही अखंडच येतं, कारण शाईवर शाई चढली तरी दिसत नाही. ब्लेडला मात्र प्रत्येक तुकड्याची कड दिसते. शिरोरेषेला जिथं काना भेटतो तिथं ते आडवं-उभं दोन्ही कापतं, आणि सोलताना शिरोरेषा एकीकडं, काना दुसरीकडं असे तुकडे हातात येतात. म्हणून शब्द टाईप केल्यावर तो आधी आकारात बदला, मग सगळे तुकडे निवडून वेल्ड करा, म्हणजे जोडून एकसंध करा. इंकस्केपमध्ये त्याला युनियन म्हणतात. मग भराव काढून फक्त बाह्यरेषा दिसेल असं करा आणि शब्द मोठा करून प्रत्येक जोड डोळ्याखालून घाला. शिरोरेषेच्या आत एकही रेघ उरायला नको. वेलांटी आणि रफार या दोन ठिकाणी हमखास एखादा तुकडा सुटलेला असतो.

अनुस्वाराचंही तसंच. टिंब 3 मिमीपेक्षा बारीक असेल तर त्याची चिकट धरायची जागा कमी पडते, आणि बाजूचं फालतू व्हिनाईल सोलताना ते सोबत निघून जातं. ‘शंकर’चं ‘शकर’ झालं तर गिऱ्हाईक नाव परत आणतं, आणि ते बरोबरच आहे. मी टिंब मुद्दाम थोडं मोठं करतो, आणि सोलताना टिंबाजवळ आल्यावर सुईचं टोक त्यावर दाबून धरतो आणि बाकीचं व्हिनाईल अगदी आडवं, कागदाला लागून ओढतो. वर ओढलं की टिंब उठतं.

आता मशीनला माहिती पोचवण्याचं बघू. 7475ए चा बफर, म्हणजे आलेली माहिती साठवायची जागा, 1024 बाइटची. ती भरली की मशीन 20 नंबरच्या पिनवरून ‘थांबा’ सांगतो. साध्या केबलमध्ये ही पिन बऱ्याचदा जोडलेलीच नसते. मग पहिली दोन अक्षरं नीट येतात आणि नंतर मशीन पानभर कुठंही तिरप्या रेघा मारतं. पेनाने हे झालं तर एक कागद जातो, ब्लेडने झालं तर व्हिनाईल जातं आणि खालची पट्टीही चिरते. मागचा सॉकेट 25 पिनांचा असेल तर यूएसबी-सिरीयल ॲडॉप्टरच्या 9 पिनांशी जोडणी अशी करा: प्लॉटरची 2 ॲडॉप्टरच्या 2 ला, 3 ची 3 ला, 7 ची 5 ला आणि 20 ची 8 ला. संगणकात फ्लो कंट्रोल (मशीनने ‘थांबा’ म्हटलं की माहिती रोखायची सोय) हार्डवेअरवर ठेवा. मागं 24 संपर्कांचा रुंद कनेक्टर असेल तर ते एचपी-आयबी या वेगळ्या जोडणीचं मशीन आहे. त्याला वेगळा ॲडॉप्टर लागतो, आणि त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

वळणं अडखळत कापली जातात अशी तक्रार पुढं तुम्हाला येईलच, म्हणून तिचं गणितही सांगून ठेवतो. माहिती पाठवायच्या 9600 बॉड या वेगाला सेकंदाला साधारण 960 अक्षरं जातात. एका बिंदूला 10-11 अक्षरं लागतात, म्हणजे सेकंदाला 90 च्या आसपास बिंदू. वळण 0.1 मिमीच्या तुकड्यांत फोडलं आणि वेग 3 सेंटिमीटर ठेवला तर सेकंदाला 300 बिंदू हवेत. तेवढे पोचत नाहीत, मशीन थांबून थांबून चालतं आणि प्रत्येक थांब्यावर ब्लेड खाचा पाडतं. तुकडा 0.35 मिमीचा ठेवला की सुमारे 86 बिंदू लागतात आणि गाडी सुरळीत चालते. वळण ओबडधोबड होईल ही भीती नको. 5 मिमी त्रिज्येच्या गोलावर 0.35 मिमीच्या तुकड्याने पडणारा फरक 0.003 मिमी आहे, प्लॉटरच्या एका युनिटच्या आठव्या हिश्श्याएवढा. डोळ्याला तो दिसणार नाही.

ब्लेडच्या वाटेखाली प्लॉटरची कडक पट्टी असते, तिच्यावर विनाइल कटरसाठी मिळणारी टेफ्लॉनची कटिंग स्ट्रिप चिकटवा. सपाट पाटाचा प्लॉटर कुणाकडं मिळाला, रोलँडच्या डीएक्सवाय जातीचा वगैरे, तर मी तो तुमच्या 7475ए पेक्षा आधी निवडेन. त्यात माल स्थिर असतो आणि पेनच फिरतं, त्यामुळं माल घसरायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या मशीनमध्ये खरखरीत चाकं माल पुढं-मागं ओढतात. त्यांच्या दातांत कापसाची धूळ बसते. दर काही दिवसांनी जुन्या टूथब्रशने ती झाडा, नाहीतर दाब कितीही बरोबर असला तरी चौकोन जुळणार नाही.

आपल्या उन्हाळ्याचंही सांगायला हवं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली व्हिनाईलचा गोंद इतका मऊ होतो की सोलताना अक्षराच्या कडेला तारा सुटतात आणि बारीक भाग ताणला जातो. मी त्या दिवसांत सकाळी नऊच्या आत कापतो आणि लगेच सोलतो, कापून ठेवलेलं नाव दुपारपर्यंत तसंच राहू देत नाही. पावसाळ्यात बॅकिंगचा कागद ओल धरून वाकतो, तेव्हा रोल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. वीज मधेच गेली तर काम जिथं थांबलं तिथून पुढं नेता येत नाही, नाव पहिल्यापासून कापावं लागतं. छोटा यूपीएस असू द्या.

पैशाचं माझं मत सरळ आहे. मशीन तुम्हाला भंगाराच्या भावात मिळालंय, केबल, होल्डर, ब्लेडं आणि सोलेनॉइड एवढाच खर्च. छत्रपती संभाजीनगरला जाऊन 24 इंची नव्या चिनी कटरचा भाव विचारून या. तुमचा खर्च त्याच्या एक तृतीयांशापुढं जायला लागला तर थांबा आणि नवाच घ्या. दिवसाला पाच-सहा नावं असतील तर हे मशीन चांगलं साथ देतं. लग्नसराईत पन्नास गाड्यांवर नावं टाकायची ऑर्डर आली तर त्याच्यावर विसंबू नका. शिकायला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही. नवा कटर बटण दाबलं की कापतो. याच्यावर काम केलेल्या माणसाला पुढं कुठलाही कटर का बिघडला ते हाताला कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी साध्या पेनाने, खऱ्या केबलवरून, वेल्ड केलेलं एक मराठी नाव कागदावर शंभर टक्के बरोबर काढून दाखवा. ते झालं की दोरा, बेअरिंग आणि नाणी घेऊन दाब मोजा. तो तीन ठिकाणचा आकडा आणि वीज बंद असताना पेन वर राहतं की खाली, एवढं मला कळवा. त्यावरून स्प्रिंग बदलायची की सोलेनॉइड बसवायचा ते सांगतो. तोपर्यंत होल्डरसाठी लेथवाल्याकडं जाऊ नका.